पोरगं ऐकत नाही, कारीगर टिकत नाही : दोन तक्रारी, पण गाठ एकच

"कारीगर टिकत नाही." सचिन जीआयडीसीत जॉब वर्कचं युनिट चालवणाऱ्या मराठी माणसाजवळ चहाला बसा, दुसऱ्या घोटाला हे वाक्य येतं. घरचं विचारलं की पुढचं वाक्य येतं, "पोरगं ऐकत नाही." दोन्ही तक्रारींत एक गोष्ट सारखी आहे. चूक समोरच्याची आहे, हे आधीच ठरलेलं असतं.

घरच्या तक्रारीवर आपण हल्ली थोडं तरी काम करतो. शाळेतल्या बाई सांगतात, बायको सांगते, मोबाईलवर कुणाचं भाषण ऐकतो. मुलाच्या बाजूने बघा, त्याला ओरडायच्या आधी कारण शोधा, हे आता बऱ्याच घरांत पोचलंय. कारखान्यात मात्र आपण अजून जुन्याच पद्धतीने चालतो. घरी शिकलेली ही एक गोष्ट धंद्यात आणली तर काय फरक पडतो, ते आज समजून घेऊ.

हा विषय आपल्या लोकांसाठी खास महत्त्वाचा आहे. नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं तापी खोऱ्याच्या गाडीने उधन्याला उतरली आणि लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, सचिनपर्यंत पसरली. पहिली पिढी मशीनवर उभी राहिली. त्यातल्या काहींनी पुढे स्वतःची मशीनं टाकली. म्हणजे कालचा कारीगर आज शेठ झाला. बारा-बारा तासांची पाळी ज्याने स्वतः केली, त्याला कारीगराची बाजू सांगायची गरज पडू नये. पण पडते. का पडते, तोच या लेखाचा मुद्दा आहे.

एकाच बाकावर दोन राज्यं

नवापूरचं रेल्वे स्टेशन आपल्या वाचकांना नवं नाही. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. एका बाकावर तर मधोमध रेघ मारून दोन्ही बाजूंना दोन राज्यांची नावं लिहिलेली आहेत. त्या बाकावर दोघं बसले आणि दोघांनी घरी फोन करून आपण कुठल्या राज्यात आहोत ते सांगितलं, तर उत्तरं वेगळी येतील आणि दोघांचीही खरी असतील.

कारखान्यातले बरेच वाद असेच असतात. शेठ म्हणतो, "ऐन ऑर्डरच्या वेळी हा गावी पळाला." कारीगर म्हणतो, "बहिणीच्या लग्नाला पण सोडत नाहीत." घटना एकच, बसायची जागा वेगळी. अशा वेळी कोण खोटं बोलतंय हे शोधत बसलं तर हातात काही लागत नाही. दुसऱ्या टोकावरून काय दिसतं ते बघितलं तर निदान पुढच्या वेळची तयारी होते.

बोर्डी आणि कोसबाडची गोष्ट

मुलांच्या बाजूने बघणं म्हणजे काय, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच सीमाभागात आहे. सचिन स्टेशनवरून मुंबईकडे निघालं की नवसारी, वलसाड, उंबरगाव मागे पडतात आणि गुजरात संपताच घोलवड येतं. तिथून जवळ बोर्डी. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याआधी त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं. गिजुभाई मूळचे वकील. १९१३ मध्ये मुलगा झाला, त्याला कसं वाढवायचं या विचाराने ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उभं राहिलं. ताराबाईंचं काम त्या वळणाचं. अनुताई वाघ त्यांना बोर्डीत येऊन मिळाल्या.

बालवाडी तर सुरू झाली, पण सगळ्यात गरीब वस्तीतली मुलं येईनात. कुणीही म्हणालं असतं, "या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही." ताराबाईंनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला. आज सचिनमध्येही अंगणवाडीला अंगणवाडीच म्हणतात.

१९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. तिथल्या वारली मुलांची अडचण वेगळी होती. शाळेच्या वेळात ती गुरं राखायला जायची. मग शिक्षक मुलांबरोबर कुरणात गेले. गुरं चरत आणि तिथेच शिकणं चाले. त्याला कुरणशाळा म्हणत.

दोन्ही ठिकाणी प्रश्न कसा बदलला ते बघा. आधीचा प्रश्न होता, "ही मुलं शाळेत का येत नाहीत?" यात दोष मुलांचा. नंतरचा प्रश्न झाला, "या मुलाच्या दिवसात शाळा कुठे बसते?" आता हातात करण्यासारखं काहीतरी आलं. मुलं तीच, गरिबी तीच, गुरंही तीच. बदलली ती शाळेची जागा आणि वेळ, आणि ती बदलणं मोठ्यांच्या हातात होतं.

वरून कमी का दिसतं?

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवायची. मूल एका बाजूला, बाहुली दुसऱ्या बाजूला. मुलाला विचारायचं, बाहुलीला काय दिसत असेल? लहान मुलं बहुतेक वेळा स्वतःला दिसणारं चित्रच निवडायची. पुढच्या संशोधकांनी हाच प्रश्न लपाछपीसारख्या ओळखीच्या खेळातून विचारला, तेव्हा चार वर्षांच्या मुलांनाही उत्तर जमलं. म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरून बघायची ताकद माणसात लवकर येते, पण ती जागा ओळखीची असेल तरच नीट चालते.

मोठ्यांचंही तेच होतं. आपला शेठ कधीकाळी मशीनवर होता, ते खरं. पण आज तो काचेच्या केबिनमध्ये बसतो. त्याच्यासमोर पार्टीचा फोन, जीएसटीची तारीख, बँकेचा हप्ता आणि लाईट बिल असतं. मशीनसमोरची रात्र त्याच्या आठवणीत आहे, रोजच्या दिवसात नाही. आणि आठवण नेहमी आपल्या बाजूने बोलते. "आमच्या वेळी आम्ही कधी खाडा केला नाही" हे वाक्य प्रत्येक बाप बोलतो आणि प्रत्येक शेठही.

आणखी एक गोष्ट आहे. ज्याच्या हातात ताकद कमी, त्याला वरच्याचा मूड ओळखावाच लागतो. बाबा दारातून आत कसे आले यावरून पोरगं दिवस ओळखतं. शेठची गाडी गेटवर कशी थांबली यावरून कारीगर ओळखतो. वरच्याला मात्र खालच्याचं मन ओळखल्याशिवायही काम चालवता येतं, म्हणून ती सवयच लागत नाही. पालकत्वातला धडा धंद्यात लागू पडतो तो या कारणाने. दोन्हीकडे एकाच्या हातात जास्त आणि दुसऱ्याच्या हातात कमी आहे.

इथे एक धोका लक्षात ठेवायचा. कारीगर मूल नाही. तो स्वतः कुणाचा तरी बाप आहे. "मी तुम्हाला बापासारखा, आपण एक कुटुंब" असं म्हणून पगाराची पावती नाही, पीएफ नाही, ओव्हरटाइमचा हिशेब नाही, असा कारभार चालवणं म्हणजे पालकत्वाचा धडा उलटा वाचणं. हा धडा बघण्यापुरता घ्यायचा. बापाचा हक्क त्याच्या मागून येत नाही.

खाडा : भिंतीवर दोन कॅलेंडर

आता प्रत्यक्ष बघू. सगळ्यात मोठी तक्रार खाड्याची.

शेठच्या कॅलेंडरवर दिवाळीआधीची गर्दी, लग्नसराईच्या ऑर्डरी आणि डिलिव्हरीच्या तारखा असतात. खान्देशातल्या कारीगराचं कॅलेंडर वेगळं. वैशाखात आखाजी, त्याच सुमाराला गावाकडची लग्नं, जूनमध्ये पेरणी आणि पोरांची शाळा, श्रावणात कानबाई. सचिनमध्ये ओडिशाचा कारीगर असेल तर रथयात्रा, बिहार-उत्तर प्रदेशचा असेल तर छठ आणि होळी.

यातली एकही गोष्ट अचानक येत नाही. आखाजी दरवर्षी येते. तरी दरवर्षी एप्रिल-मेमध्ये शेठला धक्का बसतो, "सगळे एकदम पळाले." वर्षभर आधी माहीत असलेली गोष्ट अडचण वाटते, कारण ती आपल्या कॅलेंडरवर नसते.

उपाय साधा आहे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला विचारा, "तुझ्या घरी या वर्षी काय काय आहे?" आणि ते भिंतीवर लिहा. समजा बारा माणसं आहेत आणि मे महिन्यात आठ जणांना गावी जायचंय. चार जण पहिल्या पंधरवड्यात, चार दुसऱ्या, असं बोलून ठरवता येतं. ज्याची सुट्टी पक्की, त्याला आजी मेल्याची थाप मारावी लागत नाही. ज्याला थाप मारावी लागत नाही, तो परत येण्याची शक्यताही जास्त.

चूक : सांगणारा की लपवणारा?

मुलाकडून काचेचा ग्लास फुटला. पहिल्या वेळी त्याने येऊन सांगितलं आणि पाठीत धपाटा खाल्ला. दुसऱ्या वेळी काचा कपाटाखाली सापडतात. आईच्या पायात काच घुसते तेव्हा कळतं की ग्लास फुटलाय.

कारखान्यात काचा पायात घुसायला वेळ लागतो, पण घुसतात. कारीगराला दिसलं की मशीनचा आवाज बदललाय, कापडात फॉल्ट येतोय. त्याने सांगितलं की मशीन थांबणार, मीटर कमी होणार, पैसे कापले जाणार आणि वर शिव्या. तो गप्प बसतो. ताका पूर्ण होतो, पार्टीकडे जातो आणि तिथून परत येतो. नुकसान दहापट. मग शेठ म्हणतो, "यांना कामाची कळकळच नाही."

यावर जगप्रसिद्ध उत्तर कापडाच्या धंद्यातूनच आलंय. जपानचे साकिची टोयोडा लहानपणी आईला हातमागावर राबताना बघत, असं सांगतात. त्यांनी मागावर संशोधन केलं आणि १९२४ मध्ये त्यांचा जो स्वयंचलित माग आला, तो धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्याच घराण्याने पुढे टोयोटा मोटारी बनवल्या आणि मागाचं तत्त्व माणसांना लावलं. गाड्यांच्या कारखान्यात कुठल्याही कामगाराला काही चुकतंय असं दिसलं तर त्याने दोरी ओढायची, गरज पडली तर सगळी लाइन थांबते. थांबवणाऱ्याला शिक्षा नाही.

तिथलेच तैइची ओनो, ज्यांनी कामाची सुरुवात टोयोडांच्या कापड गिरणीत केली होती, ते साहेब लोकांना कारखान्याच्या जमिनीवर खडूने आखलेल्या गोलात उभं करायचे. तासन् तास उभं राहायचं आणि फक्त बघायचं. केबिनमधून न दिसलेलं तिथून दिसायला लागायचं. कारण सापडेपर्यंत "का?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. मूल जसं "का? का?" करून भंडावून सोडतं, तसंच.

सचिनमध्ये ही गोष्ट नुसत्या नफ्यातोट्याची नाही. इथे डाइंग आहे, बॉयलर आहेत, रसायनं आहेत. ६ जानेवारी २०२२ ची पहाट इथलं कुणी विसरलेलं नाही. टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनाच्या विषारी वायूने सहा कामगारांचा जीव गेला. टँकर रिकामा करणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर तो एक नाला होता. शेजारच्या मिलमधल्या माणसांच्या बाजूने बघितलं तर ती त्यांची श्वास घ्यायची जागा होती. आपल्या युनिटमध्ये कुणाला वास आला, वायर गरम लागली, व्हॉल्व्ह गळताना दिसला, तर तो लगेच येऊन सांगेल का? की आधी शेठचा मूड बघेल? हा प्रश्न प्रत्येक मालकाने स्वतःला विचारावा.

उचल आणि उधारी : आपणही कुणाचे तरी कारीगर

तिसरी तक्रार, "सारखी उचल मागतात." आता कारीगराच्या जागेवरून बघा. खोलीचं भाडं सचिनमध्ये, शेती आणि म्हातारे आईबाप गावात. आजारपण आलं की पैसा त्याच दिवशी लागतो. बँक त्याला विचारत नाही. शेठजवळ मागितलं नाही तर सावकाराजवळ मागणार.

आणि ही बाजू शेठला समजायला अवघड नाही, कारण तोही याच रांगेत उभा आहे. जॉब वर्कवाला रोज व्यापाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. माल गेला, बिल गेलं, पैसे येईनात. छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं एमएसएमई कायद्यात २००६ पासून लिहिलंय. तरी पैसे अडकतच राहिले, म्हणून आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं आणि २०२४ मध्ये सुरतच्या कापड बाजारात त्यावरून मोठा गोंधळ झाला. मोठ्याला छोट्याच्या जागेवरून दिसावं यासाठी कायदा करावा लागला.

मग जो शेठ म्हणतो, "व्यापारी आमची अडचणच समजून घेत नाही," त्याने पगाराची तारीख बघावी. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. तो १५ ला, २० ला जात असेल तर उचल मागितली जाणारच. ती उचल म्हणजे त्याचेच पैसे, लवकर मागितलेले.

म्हणजे सगळं चालवून घ्यायचं का?

नाही. पालकत्वातही याचा अर्थ लाड नाही. हाइम गिनॉट यांचं पालकांसाठीचं १९६५ चं पुस्तक जगभर वाचलं गेलं. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की मुलाच्या भावना सगळ्या मान्य करा, वागण्याला मात्र मर्यादा घाला. राग आला हे ठीक, भावाला मारणं ठीक नाही.

कारखान्यातही तेच. पिऊन पाळीवर आला तर मशीनला हात लावू द्यायचा नाही. चोरी ती चोरी. सेफ्टी गार्ड काढून काम केलं तर काम बंद. दुसऱ्याची बाजू समजली म्हणून नियम सैल होत नाही. पण नियम कुठे खरंच लागतो आणि कुठे आपल्याला कारणच माहीत नाही, हे वेगळं करता येतं. एकच माणूस उशिरा येतो तेव्हा त्याच्याशी बोला. पाच माणसं उशिरा येतात तेव्हा पाळीची वेळ आणि गाडीची वेळ जुळते का ते बघा.

अमेरिकेतले डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये व्यवस्थापनाबद्दल एक गोष्ट मांडली, ती आजही शिकवतात. माणूस मुळात कामचोर आहे असं मालकाने धरलं तर तो तशीच व्यवस्था करतो, सतत नजर ठेवतो, सतत दंड कापतो. त्या व्यवस्थेत माणूस सांगितल्यापुरतंच काम करायला लागतो. मग मालक म्हणतो, "बघा, मी म्हणत नव्हतो?" घरातही "तू आळशीच आहेस" हे रोज ऐकणारं पोरगं आळशी व्हायला फार वेळ घेत नाही.

उद्यापासून काय करता येईल

एक. महिन्यातून एकदा रात्रपाळीत तासभर मशीनजवळ उभं राहा. कुणाला बोलायचं नाही, फक्त बघायचं. उकाडा किती, पिण्याचं पाणी कुठे, उजेड कसा, पहाटे तीनला डोळे कसे होतात.

दोन. कुणी फॉल्ट सांगायला आला तर तोंडातून पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच निघालं पाहिजे. चौकशी त्यानंतर.

तीन. भिंतीवर कारीगरांचं कॅलेंडर लावा आणि पगाराची तारीख पाळा.

चार. सोडून जाणाऱ्याचा हिशेब आधी पूर्ण द्या आणि मग विचारा, "इथे काय बदलायला हवं होतं?" पैसे अडकलेले असताना खरं कुणी बोलत नाही.

पाच. ही गोष्ट घरची आहे. रात्री जेवताना कारखान्यातून फोन येतो. त्यावर आपण काय बोलतो, कोणत्या शब्दांत बोलतो, ते समोर बसलेलं पोरगं ऐकत असतं. पुढे तेच युनिट त्याच्या हातात द्यायचं आपल्या मनात आहे. शेठ कसा असतो हे ते आत्ताच शिकतंय, आणि त्याला या धंद्यात यायचं की नाही हेही ते तिथेच ठरवतंय. म्हणून जेवायच्या वेळी फोन आला तर ताट बाजूला ठेवा, उठून बाहेर जाऊ नका. त्याच्यासमोरच बोला, पण असं बोला की उद्या त्याने ते तसंच उचललं तरी चालेल.